मोडीत काढण्याआधी

२०१५ सालची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या मिलपिटास गावी एका बाईंनी नवऱ्याच्या निधनानंतर गॅरेज आवरलं आणि जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानाची खोकी भंगार केंद्रावर नेऊन दिली. पावती घेतली नाही, नाव-पत्ताही ठेवला नाही. काही आठवड्यांनी खोकी उघडली, तर आत ॲपल-१! १९७६ साली स्टीव्ह वॉझ्नियाकने रचलेला, जेमतेम २०० नग निघालेला संगणक. विकत मिळायचा तो नुसता एक हिरवा बोर्ड. ना पेटी, ना कीबोर्ड, ना पडदा. तो २ लाख डॉलरला गेला, आणि अर्धे पैसे देण्यासाठी केंद्राने त्या बाईंचा शोध सुरू केला.

तोच बोर्ड वितळवला असता तर हाती लागलं असतं थोडं तांबं, थोडं कथील-शिसं आणि नखाएवढंही नाही इतकं सोनं. भंगाराच्या तराजूवर धातूला भाव मिळतो. विकायला काढला तर रचनेला. भट्टीतून सोनं परत येतं, रचना येत नाही.

ते सोनं बघण्यासारखं आहे मात्र. माझ्यासमोर रॅमची जुनी पट्टी आहे. खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग, दोन्ही बाजू मिळून २४०. तांब्यावर निकेल आणि त्यावर खरंखुरं सोनं, कारण तांबं काळवंडतं आणि सोनं वर्षानुवर्षं तसंच राहतं. पाऊण मायक्रॉनचा थर धरून मी हिशेब मांडला: एका पट्टीवर सहा-सात मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमसाठी दीडशे पट्ट्या!

पण टनाने मोजायला लागलं की चित्र पालटतं. खाणीत टनभर दगडातून काही ग्रॅम सोनं निघतं, टनभर मदरबोर्डांतून शंभर-दोनशे ग्रॅमही निघू शकतं. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५००० पदकं जुन्या फोन-संगणकांतल्या धातूंची होती. त्यांत सोनं ३२ किलो. नीरज चोप्राच्या पदकावरचा मुलामा त्यातलाच. सराफकट्ट्याची धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी आपल्याला माहीत आहेत. हे काम त्याच जातीचं, पण इथली धूळ विषारी. उघड्यावर बोर्ड जाळले की शिसं आणि डायॉक्सिन हवेत जातात, सोनं सोडवायला वापरलेल्या ॲसिडच्या वाफांनी माणसांची फुप्फुसं होरपळतात. म्हणून बोर्ड मोडीतच द्यायचा तर नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रालाच द्यावा.

आणि विकायचा कधी? लांब काळा आयएसए स्लॉट दिसला की मी थांबतो. कित्येक जुन्या मशिनांचं नियंत्रण कार्ड त्याच स्लॉटमध्ये बसतं. चालू बोर्ड मिळाला तर कारखानदाराची अख्खी मशीन वाचते. फुगलेले कपॅसिटर पाहून बोर्ड टाकू नये, ते बदलता येतात.

३८६-४८६ प्रोसेसरच्या जुन्या बोर्डांवर कडेला एक छोटी निळी नळकांडी असते, निकेल-कॅडमियमची बॅटरी. ती पाझरली की हिरवट क्षार तांब्याच्या रेघा खात सुटतो. विकायचं की मोडायचं हे पुढच्या महिन्यात ठरवा, पण बॅटरी आजच कापून काढा आणि ती जागा व्हिनेगरने पुसा. मग भिंग घेऊन शेजारची शाबूत रेघ बघा: केसाएवढी बारीक, काटकोन टाळून पंचेचाळीस अंशांत वळत जाणारी, तीस वर्षांपूर्वी कुणीतरी आखलेली.