नगरे आणि पावले – लेखांक 9 : ह्यूस्टनचे पादचारी गेले कोठे?

सॉल्ट लेक सिटीचे 660 फुटी ब्लॉक आणि तेथील 132 फूट रुंदीचे रस्ते ओलांडताना पादचाऱ्यांनी हातात धरावयाची नारिंगी निशाणे यांचा गेल्या आठवड्यात निरोप घेताना मी लॉस एंजेलिसच्या बंकर हिलकडे वळण्याचे वचन दिले होते. मध्यंतरी एका वाचकांचे असे पत्र आले की, ते वचन आठवडाभर तहकूब ठेवणे भाग पडले. हे गृहस्थ सोलापूरचे, निवृत्त अभियंते, आणि सध्या ह्यूस्टनला मुलाकडे मुक्कामास आहेत. ते विचारतात की, ब्लॉक जितका लहान तितके नगर चालण्यास सुलभ हे आपले सूत्र प्रमाण मानले तर ह्यूस्टनचे डाउनटाउन पहिल्या पंक्तीत बसावयास हवे. मग कामाच्या दिवशी, भर दुपारी एक वाजता, फूटपाथवर मला चिटपाखरू का दिसत नाही? आणि पुढे त्यांनी बजावले आहे की, उन्हाचे कारण सांगू नये, मी सोलापूरचा आहे.

नकाशापुरते पाहिले तर हा आक्षेप बिनतोड आहे. 1836 मध्ये ॲलन बंधूंनी बफेलो बायू या प्रवाहाच्या काठी हे नगर वसविले, तेव्हा आखलेले ब्लॉक 250 फूट लांबीरुंदीचे आणि बहुतेक रस्ते 80 फुटांचे; म्हणजे चालणाऱ्यास मैलभरात सोळा चौक लागतात, जेथे सॉल्ट लेकमध्ये सातही लागत नाहीत. मेन स्ट्रीटवरून 1 जानेवारी 2004 पासून विजेची रेल्वे धावते. उर्वरित शहरात प्रत्येक इमारतीस मोटारींसाठी ठरावीक जागा राखून ठेवण्याची जी सक्ती वर्षानुवर्षे चालत आली, तिच्यातून डाउनटाउन मुक्त आहे. इतकी अनुकूलता एकत्र आलेली मोटारप्रधान नगरे अमेरिकेत थोडी, आणि तरीही फूटपाथ ओस. कारण एवढेच की, आमचे वाचक ज्यांना शोधत आहेत ते लोक त्यांच्या पायांखाली सुमारे वीस फुटांवर जेवत बसलेले आहेत.

या नगराच्या पोटात सुमारे सहा मैल लांबीची भुयारे असून ती पंचाण्णव ब्लॉकांच्या खालून गेली आहेत. रस्त्यावरून त्यांचा मागमूस लागत नाही. एखाद्या बँकेच्या दिवाणखान्यात शिरावे, पहारेकऱ्याच्या मेजापलीकडे असलेला सरकता जिना धरावा आणि खाली उतरावे, तो अकस्मात गजबजलेली बाजारपेठ समोर येते. सँडविचची, तळलेल्या कोंबडीची, चिनी जेवणाची दुकाने, औषधविक्रेता, चश्मेवाला, केशकर्तनालय, जोडे दुरुस्त करणारा, आणि गळ्यात ओळखपत्रे अडकविलेल्या नोकरदारांची रांगेसाठी चाललेली घाई. थोडे लक्ष देऊन चालले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. काही पावलांवर पायाखालची संगमरवरी फरशी संपून गालिचा सुरू होतो, पुढे गालिचा संपून साधी लादी लागते, दिव्यांचा रंग पालटतो, छत एकदम खाली येते. जेथे फरशी बदलते तेथे मालक बदललेला असतो.

या प्रकरणाचे मर्म त्या फरशीत आहे. ही भुयारे कोणा नगररचनाकाराने आखलेली नव्हेत. टेक्ससचे 1931 ते 1933 या काळातले गव्हर्नर रॉस स्टर्लिंग यांनी 1930 च्या दशकात आपल्या दोन इमारती जमिनीखालून जोडल्या, असे सांगतात. पुढे वातानुकूलित मनोऱ्यांचा काळ आला, तेव्हा एका मालकाने तळघराची भिंत फोडावी, सार्वजनिक रस्त्याखालून जाण्याची परवानगी नगरपालिकेकडून मिळवावी आणि शेजाऱ्याच्या तळघरास जाऊन मिळावे, अशा क्रमाने हे जाळे वाढत गेले. त्यातला बहुतेक भाग आजही खाजगी मिळकत आहे. रस्त्यावर चालण्याचा आपला हक्क कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. भुयारात मात्र आपण मालकाच्या मुभेने चालत असतो, आणि सामान्यतः सोमवार ते शुक्रवार सायंकाळी सहाच्या सुमारास ती मुभा संपते.

आता उन्हाविषयी. जुलैत ह्यूस्टनचे दुपारचे तापमान पस्तीस अंशांच्या आसपास जाते आणि मेक्सिकोच्या आखातावरून येणारी आर्द्रता ते असह्य करते. सोलापूरच्या कोरड्या वैशाखाशी त्याची तुलना सर्वस्वी न्याय्य नाही, एवढे मी आमच्या वाचकांना नम्रपणे सुचवितो. परंतु डिसेंबर-जानेवारीत तेथील दुपार सतरा-अठरा अंशांची असते, आणि त्या प्रसन्न हवेतही मंडळी खालीच उतरतात. ऋतू पालटला तरी पाय वर येत नाहीत, कारण जेवण खाली आहे. आणि एकदा गिऱ्हाईक खाली गेले, की वरच्या मजल्याची भाषा बदलते: जेथे दुकानांच्या काचा असाव्यात तेथे चकचकीत ग्रॅनाइटची आंधळी भिंत उभी राहते, तिच्या शेजारी गॅरेजचे तोंड, त्याच्या शेजारी मालवाहू ट्रकांची फाटके. विल्यम व्हाइट या चिकित्सक निरीक्षकाने 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ‘सिटी’ या ग्रंथात अशा आंधळ्या भिंतींचा आणि भुयारांचा जो समाचार घेतला आहे, तो या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने मुळातून वाचावा.

हा केवळ अनियोजित वाढीचा दोष, असे कोणी म्हणेल, तर त्याने डॅलसकडे पाहावे. तेथे 1960 च्या दशकात व्हिन्सेंट पाँटे या नामांकित नियोजनकाराच्या सल्ल्याने भुयारांचा बेत रीतसर आखण्यात आला. माणसे एका पातळीवर आणि मोटारी दुसऱ्या पातळीवर, हे त्यामागचे तत्त्व. ह्यूस्टनमध्ये जे स्वार्थाने घडले ते डॅलसमध्ये विचारपूर्वक घडविले गेले, आणि दोहोंचे फळ एकच निघाले. 2002 ते 2007 या काळात डॅलसच्या महापौर असलेल्या लॉरा मिलर यांनी तर शक्य झाल्यास ही भुयारे सिमेंट ओतून बुजवून टाकीन, असे जाहीरपणे सांगितले होते. लोकनियुक्त अधिकाऱ्याने आपल्याच नगराच्या एका खर्चिक अलंकाराविषयी इतके रोखठोक बोलावे, हे विरळा.

मग माँट्रियलचे काय, असा प्रश्न चतुर वाचक विचारतील. हेच पाँटे 1962 च्या प्लास व्हिल मारी या संकुलाचे एक शिल्पकार. तेथूनच माँट्रियलचे भूमिगत नगर विस्तारले, आणि तरीही तेथील सेंट कॅथरिन रस्त्यावर वर्दळ आहे. याचे कारण माझ्या मते सरळ आहे. माँट्रियलमध्ये 1966 पासून मेट्रो आहे, डाउनटाउनला लागून दाट वस्ती आहे, विद्यापीठे आहेत. पादचाऱ्यांचा साठा एवढा विपुल की, दोन मजल्यांत वाटला तरी पुरून उरतो. वांद्र्याला 2008 मध्ये स्कायवॉक झाला, तेव्हा खालचा रस्ता ओस पडला नाही, त्याचेही कारण हेच. ह्यूस्टन-डॅलसमध्ये माणूस मोटारीने गॅरेजात येतो, उद्वाहनाने वर जातो आणि दिवसातून एकदाच, जेवणाच्या सुट्टीत, पादचारी बनतो. या एका तासाच्या चालण्याची वाटणी करणे म्हणजे आधीच पातळ असलेल्या ताकात आणखी पाणी घालणे होय.

मालकीचा मुद्दा थंड प्रदेशातही सुटत नाही. मिनिआपोलिसने 1962 पासून इमारतींना दुसऱ्या मजल्यावरून जोडणारे काचेचे पूल बांधले, ते बहुतांशी खाजगी. पलीकडच्या सेंट पॉलने मात्र आपल्या पुलांवर सार्वजनिक वहिवाटीचा हक्क राखून ठेवला. कॅलगरीच्या अशाच पुलांवर तर ‘वेडाउनटाउन’ नावाचा चित्रपट 2000 साली निघाला. त्यातील नोकरदार महिन्याच्या पगाराची पैज लावतात, बाहेरच्या हवेत पाऊल न टाकता कोण अधिक दिवस काढतो याची! अतिशयोक्ती आहे, पण हास्यास्पद वाटण्याइतकी दूरची नव्हे.

ह्यूस्टनला आता उपरती झाली आहे. 2001 च्या जूनमध्ये ॲलिसन वादळाच्या पुराने भुयारे पाण्याखाली गेली. परंतु बदल घडला तो जलप्रलयाने नव्हे, रहिवाशांमुळे. 2012 पासून डाउनटाउनमध्ये घरे बांधणाऱ्यास दर घरामागे 15,000 डॉलरपर्यंत साहाय्य देण्याची तजवीज करण्यात आली, आणि जो मनुष्य तेथे राहतो त्याला रात्री आठ वाजता कुलूपबंद भुयाराचा काडीचाही उपयोग नसतो. डिस्कव्हरी ग्रीन या 2008 मध्ये खुल्या झालेल्या उद्यानाभोवती संध्याकाळी जी मुले-माणसे दिसतात, ती सोलापूरच्या आमच्या वाचकांनी अवश्य पाहावीत.

तेव्हा माझे सूत्र मी मागे घेत नाही. त्याला एक कलम जोडतो. लहान ब्लॉक चालण्याची सोय करतो, परंतु पादचारी निर्माण करीत नाही. जेथे पादचारी मोजके, तेथे त्यांच्यासाठी एकच पातळी असावी आणि ती सार्वजनिक रस्त्याची असावी. परदेशी राहणाऱ्या वाचकांना विनंती अशी की, आपल्या नगराच्या डाउनटाउनमधील एकच रस्ता दुपारी एक वाजता आणि रात्री आठ वाजता पाहून तेथे काय दिसले ते मला कळवावे. बंकर हिलचा विचार पुढील आठवड्यात, आणखी एखादे पत्र आडवे न आल्यास.