‘बेन-हर’: रथाचं चाक कोणी मोडलं?

मंडळी, ‘बेन-हर’ म्हटलं की आमच्या पिढीला आधी आठवते ती रथांची शर्यत. विल्यम वायलर यांचा हा चित्रपट १९५९चा. त्याला अकरा ऑस्कर मिळाले. पण मूळ कादंबरी १८८०ची, आणि ती लिहिली ल्यू वॉलेस यांनी. हे गृहस्थ अमेरिकन यादवी युद्धातले सेनानी होते. माणसाच्या हातून काय काय घडतं, हे त्यांनी रणांगणावर पाहिलेलं होतं.

आता आपण दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिला प्रसंग छतावरच्या कौलाचा. रोमन अधिकाऱ्याची मिरवणूक चाललेली असताना कौल निसटून त्याच्यावर पडतं. हा अपघातच. पण कादंबरीत ते यहूदाच्या हाताखालून निसटतं, तर चित्रपटात त्याच्या बहिणीच्या, तिर्झाच्या.

दुसरा प्रसंग शर्यतीचा. चित्रपटात मेसालाच्या रथाच्या चाकांना पाती बसवलेली आहेत. तो स्वतःच्याच दुष्टपणाने कोसळतो आणि मरतो. कादंबरीत मात्र यहूदा आपल्या रथाच्या आसाचं टोक हेतुपुरस्सर मेसालाच्या चाकात घुसवतो. मेसाला मरत नाही. जन्माचा पांगळा होतो. म्हणजे वॉलेस यांच्या नायकाने सूड घेतलेला आहे. वायलर यांच्या नायकाला तो आयता मिळतो.

मग प्रश्न असा, की क्षमेची गरज कोणाला जास्त? आपल्याला वाटेल, कादंबरीतल्या यहूदाला. कारण त्याचे हात स्वच्छ नाहीत. ते खरंच आहे. पण म्हणून चित्रपट उथळ ठरत नाही बरं का! तिथे शत्रू मेल्यावरही यहूदाच्या मनातला द्वेष मरत नाही, उलट वाढतो. मेसालाचा द्वेष आता सगळ्या रोमचा द्वेष होतो. तो गळून पडतो थेट ख्रिस्ताच्या क्रूसापाशी.

कादंबरी कृतीचा हिशेब मांडते, चित्रपट वृत्तीचा. नीतिशास्त्राला दोन्ही लागतात. नुसती वृत्ती पाहिली तर आपल्यामुळे पांगळा झालेला माणूस नजरेआड होतो. नुसती कृती पाहिली तर हात न उचलताही आत धुमसणारी आग दिसत नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच: चित्रपट पाहिला असेल तर कादंबरीही वाचा. नायकाच्या विजयावर टाळ्या वाजवताना आपण नेमक्या कशाला टाळ्या वाजवतोय, हे तिथे जरा थांबून विचारावं लागतं.