जादा हवेचा हिशेब

इंजिन किती ताकद देणार, हे ते किती हवा ओढू शकते यावर ठरते. पेट्रोल लागेल तेवढे सोडता येते, पण ते जाळायला पुरेशी हवा सिलिंडरमध्ये भरणे अवघड असते. साध्या इंजिनात पिस्टन खाली उतरताना जेवढी हवा आपसूक आत शिरेल तेवढ्यावर भागवावे लागते. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. तो बाहेरची हवा ओढून दाबाखाली आत ढकलतो. त्यामुळे इंजिनाचे घनफळ तेवढेच राहून त्यात जास्त हवा आणि जास्त पेट्रोल जळते. हा पंप कारखान्यातच बसवलेल्या गाड्या बऱ्याच आहेत, पण तो नसताना तयार झालेल्या जुन्या स्पोर्ट्स कारला नंतर बसवायचा, तर तिच्या इंजिनातला प्रत्येक सुटा भाग नव्याने तपासावा लागतो.

या कामाला सर्वांत चांगले उदाहरण माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीचे. अमेरिकेत मियाटा नावाने ओळखली जाणारी ही छोटी उघडी दोन आसनी गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. तोशिहिको हिराई यांच्या पथकाने तिचा पसारा जाणीवपूर्वक लहान ठेवला: वजन एक टनाहून थोडे कमी, मागच्या चाकांना गती, आणि १५९७ घन सेंटीमीटरचे, दोन कॅमशाफ्ट व सोळा व्हॉल्व्हचे चार सिलिंडरचे इंजिन. अमेरिकी आवृत्तीत ते ६५०० फेऱ्यांना ११६ अश्वशक्ती देत असे. गाडी वळणांवर जिवंत वाटायची, सरळ लांब रस्त्यावर मात्र पिकअप कमी पडायचा. याच इंजिनाची टर्बो लावलेली भावंडे माझदा ३२३ मध्ये धावत होती, म्हणजे मूळ लोखंड जादा दाब सोसणारे होते. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या जॅक्सन रेसिंगने या गाडीसाठी ईटन कंपनीच्या पंपाचे तयार संच विकायला सुरुवात केली, आणि घरच्या गॅरेजमध्ये सुपरचार्जर बसवणे हौशी माणसाच्या आवाक्यात आले.

पंपाची कल्पना मोटारीहून जुनी आहे. इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये तिचे पेटंट घेतले. एकमेकांत गुंतून उलट दिशांना फिरणारी दोन रोटर आणि भोवती घट्ट कवच, इतकीच ती रचना. पुढे असे पंप भट्ट्यांना वारा घालायला आणि खाणींत हवा सोडायला वापरले गेले. मर्सिडीजने १९२१ मध्ये सुपरचार्जर लावलेल्या प्रवासी गाड्या दाखवल्या. ईटनने जुन्या रचनेत रोटरांना पीळ दिला, कडा बारकाईने घडवल्या आणि १९८९ च्या फोर्ड थंडरबर्ड सुपर कूपेपासून हा पंप पुन्हा रोजच्या वापरात आणला. एमएक्स-५ ला जोडतात तो एम४५. त्याच्या एका फेरीत ४५ घन इंच, म्हणजे सुमारे ७३७ घन सेंटीमीटर हवा पुढे सरकते.

इथे आकडेमोड करून पाहण्यासारखी आहे. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेते, म्हणून १५९७ घन सेंटीमीटरच्या इंजिनाला एका फेरीत जेमतेम ८०० घन सेंटीमीटर हवा लागते. पंप इंजिनाच्याच वेगाने फिरला तर तो इंजिनाला लागते तेवढीही हवा देणार नाही. म्हणून पंपाची पुली लहान ठेवतात. ती क्रँकच्या १.७ पट वेगाने फिरली तर इंजिनाच्या ७००० फेऱ्यांना पंप जवळजवळ १२,००० फेऱ्या घेतो आणि इंजिनाच्या एका फेरीत १२५० घन सेंटीमीटर हवा ढकलतो. रोटरांच्या फटींतून काही हवा मागे गळते; तरी हवा जाण्याच्या जागेपेक्षा येणारी हवा जास्त असल्याने वाटेत दाब साचतो. पुली जितकी लहान, तितका दाब जास्त. गाडी सावकाश चालवताना या दाबाची गरज नसते, म्हणून ईटनच्या पंपाला एक बायपास झडप असते. थ्रॉटल अर्धवट उघडा असला की ती हवा पंपाभोवतीच फिरवत ठेवते, आणि पेट्रोल वाचते.

रूट्सच्या पंपाची खोड उष्णतेची. तो हवा स्वतःच्या पोटात दाबत नाही, नुसती पुढे सारतो. दाबली जाते ती पलीकडच्या नळीत, आणि त्या धडपडीत ती भलतीच तापते. पंप ५८ टक्के कार्यक्षम धरला आणि दाब वातावरणाच्या १.४ पट केला, तर ३० अंशांची हवा ८० अंशांच्या वर जाते. तापलेली हवा विरळ होते. दाब ४० टक्के वाढला तरी सिलिंडरमध्ये पोचणाऱ्या हवेचे वजन सुमारे १९ टक्केच वाढते. तीच हवा इंटरकूलरमधून ५० अंशांपर्यंत थंड केली, तर वाढ ३१ टक्क्यांवर जाते. म्हणून इंटरकूलरला चैनीची वस्तू मानणे चूक आहे. पंप एक्झॉस्टच्या बाजूला बसवला असेल तर इंटरकूलरची गरज आणखी वाढते, कारण पंपाच्या कवचालाच खालून आच लागते.

पंप जागेवर बसवणे हे या कामातले सोपे प्रकरण. खरे कौशल्य पेट्रोल मोजण्यात आहे. जुन्या १.६ लिटरच्या गाडीत आत येणारी हवा एका फडक्याला ढकलते, आणि ते किती उघडले यावरून संगणक पेट्रोल ठरवतो. हवा वाढली की फडके शेवटपर्यंत उघडते; त्यानंतर कितीही हवा आली तरी संगणकाला ती कळत नाही. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले की इंजिन खडखडू लागते. ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातले मिश्रण भडकते, आणि त्या धक्क्याने पिस्टनच्या कडा मोडतात. या इंजिनाला अशी खडखड ओळखणारा नॉक सेन्सर नाही, त्यामुळे मूळ संगणकाला हे संकट ऐकूच येत नाही. सुरुवातीच्या संचांमध्ये यावर एक यांत्रिक उपाय असे: नळीतला दाब वाढेल त्याच्या कित्येक पटींनी पेट्रोलचा दाब वाढवणारा नियंत्रक, म्हणजे तेच इंजेक्टर तेवढ्याच वेळात जास्त पेट्रोल फवारतात. उपाय ओबडधोबड, पण कमी दाबाला पुरतो. पुढे ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट हा स्वतः जुळवता येणारा संगणक आणला, आणि मोठे इंजेक्टर लावून पेट्रोल आणि टायमिंग दोन्ही गाडीगणिक ठरवणे शक्य झाले. हवा-पेट्रोलचे सामान्य प्रमाण १४.७ ला १. जादा दाबाखाली ते साडेअकरा ते बाराच्या आसपास ठेवतात, कारण जादा पेट्रोल सिलिंडरला थंडावाही देते. ठिणगीही थोडी उशिरा पाडावी लागते. जुन्या गाडीत यासाठी कॅमशाफ्टच्या टोकाचा सेन्सर हाताने फिरवता येतो, पण तसे केल्यास कमी वेगातही टायमिंग मागे सरते आणि पिकअप मंदावतो.

क्रँकशाफ्टचे नाक हे या गाडीचे सर्वांत हट्टी दुखणे, आणि ते सुपरचार्जरच्या आधीपासूनचे. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकच्या पुढच्या टोकाची लांबी तोकडी होती. त्याच नाकावर टायमिंग बेल्टची दातेरी पुली बसते आणि तिच्या पुढे इतर पट्ट्यांची पुली. सगळ्यांना एक मधला बोल्ट आवळून धरतो. खाचेत बसणाऱ्या चावीचे काम पुली जागेवर नेमकी बसवण्याचे. ताण सोसायचा तो बोल्टच्या आवळपणाने. टायमिंग बेल्ट बदलताना बोल्ट पुरेसा आवळला नाही, तर पुली कणभर हलू लागते, चावी खाच खात जाते आणि व्हॉल्व्ह हळूहळू उशिरा उघडू लागतात. गाडीची ताकद उतरते, उभी असताना ती थरथरते, आणि कारण सापडेपर्यंत मालक प्लग, वायर, सेन्सर सगळे बदलून बसतो.

या नाकावर आता पंपाचाही भार येतो. वरच्या उदाहरणात हवा तापवण्यातच सुमारे सात किलोवॅट, म्हणजे दहाएक अश्वशक्ती खर्च होते. ७००० फेऱ्यांना क्रँकवर ते साधारण १० न्यूटन-मीटर. निरोगी नाकाला हे काहीच नाही. पण पट्टा नाकाला एका बाजूला ओढतो, आणि वेगात असताना थ्रॉटल अचानक सोडला की गरगरणारी रोटर पट्ट्याला उलट झटका देतात. ढिल्या चावीला हे झटके मारक ठरतात. म्हणून पंप विकत घेण्याआधी पुलीवरच्या खाचा मोजाव्यात: चार असतील तर नाक तोकडे, आठ असतील तर नंतरचे, लांब आणि जाड बोल्टचे. तोकडे असेल तर रेडिएटर उतरवून बोल्ट काढणे, खाच पाहणे आणि नवी चावी, नवी दातेरी पुली व नवा बोल्ट यांचा खर्च आधीच धरणे शहाणपणाचे. थोडी झिजलेली खाच फटी भरून घट्ट होणाऱ्या रसायनाने सावरता येते. खोल झिजली असेल तर क्रँकच बदलावी लागते. पंपाचा भार क्रँकला जड जाणे जुनेच आहे. बेंटलीच्या साडेचार लिटर गाडीला १९२९ मध्ये ॲमहर्स्ट व्हिलियर्स यांचा पंप जोडला, तेव्हा तोही क्रँकच्या पुढच्या टोकावरून थेट फिरत होता आणि क्रँक मजबूत करावी लागली होती. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा या बदलाला विरोध होता. १९३० च्या ले मांस शर्यतीत पंप लावलेल्या दोन्ही बेंटली वाटेतच थांबल्या आणि पंप नसलेली स्पीड सिक्स जिंकली.

उरलेली दुखणी ओळीने समोर येतात. जादा जाळ म्हणजे जादा उष्णता, आणि जुन्या रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या वयाने तपकिरी पडून तडकतात. तपकिरी टाकीचा रेडिएटर पंपाबरोबरच बदलावा. मूळ क्लच प्लेट नव्या ताकदीखाली घसरू लागते, विशेषतः मधल्या फेऱ्यांना वरचे गिअर टाकून जोर दिला की. पंपाचा जोर तळापासून मिळतो, म्हणून मागच्या डिफरन्शियललाही तो तळापासून सोसावा लागतो. १.६ लिटरच्या गाडीतले मोठे दातेरी चक्र सहा इंचांचे आहे आणि गाडी उभी असताना क्लच झटकन सोडणाऱ्याच्या हाती ते टिकत नाही. अमेरिकेत १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटरच्या इंजिनाबरोबर माझदाने सात इंचांचे डिफरन्शियल दिले. ते जुन्या गाडीत बसते, मात्र त्याच्या सोबत दोन्ही बाजूंचे ॲक्सल आणि प्रॉपेलर शाफ्टही बदलावे लागतात. मोठे ब्रेक याच नंतरच्या गाड्यांवरून घेता येतात, आणि वाढलेला वेग पाहता तेही त्याच वेळी बसवलेले बरे.