‘सोनाका’ हे नाव जपानी नाही, सोलापुरी आहे! द्राक्षाला गावाचं नाव मिळालं त्याची गोष्ट

उन्हाळ्याच्या तोंडावर हातगाडीवर लांबट, हिरवी-पिवळसर, बिनबियांची द्राक्षं दिसली की विक्रेत्याला जात विचारून बघा. बऱ्याचदा उत्तर येतं, ‘सोनाका’. नाव ऐकून वाटतं, जपानवरून आलं असावं. पण हे नाव अस्सल सोलापुरी. सो म्हणजे सोलापूर, ना म्हणजे नान्नज आणि का म्हणजे काळे, अशी त्याची फोड केली जाते.

नान्नज हे सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं गाव. लोकांना ते माहीत आहे माळढोक अभयारण्यामुळे. माळढोक राहतो कुठे, तर उघड्या, कोरड्या गवताळ माळावर. म्हणजे गावात पाऊस किती पडत असेल, याचा अंदाज येतो. याच गावात नानासाहेब काळे यांनी द्राक्षबाग लावली आणि पुढे तिच्यातून नव्या जाती काढल्या.

माळावर द्राक्षं कशी पिकतात?

द्राक्षाला पाणी लागतं, पण हवा दमट असलेली चालत नाही. घड भरताना पाऊस झाला की मणी तडकतात, डाऊनीसारखे रोग पडतात. त्यामुळे विहिरीला किंवा बोअरला थोडं पाणी असेल, तर कोरडी हवा ही अडचण न राहता फायद्याची ठरते.

नवी जात तयार कशी झाली?

त्या काळी महाराष्ट्रातल्या बागांमध्ये ‘थॉम्पसन सीडलेस’चं राज्य होतं. ही मूळची पश्चिम आशियातली जात. कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉम्पसन यांनी ती तिकडे लावली आणि त्यांचंच नाव तिला चिकटलं.

बिनबियांच्या द्राक्षात बी धरतं, पण अर्धवट वाढून थांबतं. बीच नाही म्हटल्यावर रोप कशाचं करणार? म्हणून वेल काडीपासून वाढवतात आणि प्रत्येक नवी वेल जुन्या वेलीची नक्कल असते. पण लाखात एखाद्या डोळ्यात निसर्गच बदल करतो. मग त्या फांदीचे मणी लांब होतात, नाहीतर रंग बदलतो. अशी फांदी नेमकी हेरायची, तिची काडी वेगळी लावायची आणि तोच गुण पुढच्या हंगामांत टिकतो का, हे पाहायचं. यात काही वर्षं जातात.

थॉम्पसनमधल्या अशाच बदलातून सोनाका निवडली गेली. ‘किशमिश चोर्नी’ या काळ्या जातीतून ‘शरद सीडलेस’ मिळाली. तिला नाव दिलं गेलं शरद पवारांचं. शरद सीडलेसमधून पुढे ‘नानासाहेब पर्पल’ आली. नानासाहेबांचे चिरंजीव दत्तात्रय काळे यांनी हे काम पुढे नेलं. ‘सरिता’, ‘दनाका’, ‘किंग बेरी’ ही नावं याच घरातली.

मग काडीचा मालक कोण?

खरी मेख इथेच आहे. एका वेलीच्या काड्यांवर शेजाऱ्याची बाग उभी राहते, त्याच्या बागेतून पुढच्या गावची. सोनाका अशीच जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. पण ती पसरली तेव्हा शेतकऱ्याने शोधलेल्या जातीवर हक्क सांगायला देशात कायदाच नव्हता.

पीक वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा कायदा झाला २००१ मध्ये. त्यानुसार शेतकरीही स्वतःची जात नोंदवू शकतो. द्राक्षासारख्या वेलींना १८ वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं. सोबत, इतर शेतकऱ्यांनी आपल्या शेतातलं बियाणं राखणं आणि एकमेकांना देणं हा हक्कही कायद्याने शाबूत ठेवला आहे.

जुन्या जातींसाठी हा कायदा उशिराच आला. पण कायदा नसतानाही सोनाकाने एक गोष्ट जपली. काडी कितीही हातांतून फिरली, कुठल्याही जिल्ह्यात लागली, तरी नावातलं नान्नज आणि काळे तिच्यासोबतच गेले.