रात्रीची उतरली नाही म्हणून सकाळी ‘उतारा’? आधी हे वाचा

जुन्नर/आंबेगाव : रात्री पार्टी झाली की सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड, मळमळ. मग कुणीतरी सांगतंच, “थोडी घे, उतारा होईल.” प्रत्यक्षात उताऱ्याने त्रास जात नाही, फक्त पुढे ढकलला जातो.

दारूमुळे लघवी वाढून अंगातलं पाणी कमी होतं, झोप मोडते, पोट बिघडतं. दारू पचवणं हे यकृताचं काम, आणि ते आपल्याच वेगाने चालतं. कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी ते लवकर उरकत नाही. त्यामुळे पहाटे टोमॅटोची पिकअप घेऊन नारायणगाव मार्केटला निघालेल्या चालकाच्या रक्तात रात्रीची दारू शिल्लक असू शकते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, तर गाडी चालवणं हा गुन्हा आहे.

हँगओव्हरला पाणी, हलकं जेवण आणि विश्रांती एवढंच करता येतं. मात्र रोज सकाळी घेतल्याशिवाय हात थरथरत असतील, तर ती व्यसनाची खूण समजावी. अशांनी दारू एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येतं. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही आहे.