जुन्या इंजिनाला नवे बळ?

शहापूरहून कसाऱ्याचा किंवा मुरबाडहून माळशेजचा घाट चढताना, कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाच्या पद्मिनी मोटारीचा दम निम्म्या चढावर तुटू लागला, की मोठ्या कार्बुरेटरचा, उघड्या एअर फिल्टरचा नि रुंद सायलेन्सरचा मोह मालकास होतो. परंतु जे बळ झिजेने गेले, ते बाहेरून जोडलेल्या सामानाने परत येत नाही.

आधी मिस्त्रीकडून स्पार्क प्लग काढवून त्या जागी दाबमापक लावावा व इंजिन फिरवून काटा पाहावा. दाब कमी भरल्यास चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा पाहावा. काटा वर चढला तर रिंगा झिजल्या. जागचा हलला नाही, तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा. अशा इंजिनाला अधिक पेट्रोल पाजणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतणे होय. निकृष्ट उघडा फिल्टर तर धुळीच्या रस्त्यांवर घातकच, कारण आत शिरलेली बारीक धूळ सिलिंडर खरवडते. पॉइंटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन मात्र निःसंकोच बसवावे, आणि उरलेला पैसा रेडिएटरच्या दुरुस्तीवर खर्चावा; घाटात त्याचाच खरा आधार.

असे बदल करण्याआधी कायदाही ध्यानात घ्यावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरफार करण्यास मनाई आहे. खासगी मोटारीच्या नोंदणीचे १५ वर्षांनंतरचे नूतनीकरण ५ वर्षांपुरते असते, आणि त्यासाठी गाडी तपासणीस हजर करावी लागते.