हिशेबाचे यंत्र थांबवून पाहावे

आज जिनिंगमधल्या कामगाराचा पगारही संगणकावर निघतो. आकडा चुकला, तर 'यंत्राने काढला आहे' एवढेच उत्तर मिळते. पण यंत्र आपल्या मनाने काही करीत नाही. माणसाने लिहिलेल्या आज्ञा ते ओळीने पाळते. हजेरी बरोबर असेल, तर चूक कोणत्या तरी ओळीतच असणार.

ती धरून देणारे साधन म्हणजे डिबगर. समजा, जादा काम 4 तास आणि ताशी दर 60 रुपये. 1948 च्या कारखाना कायद्याने जादा कामाला दुप्पट दर दिला. म्हणजे 480 रुपये हवेत. मिळाले 240. डिबगरला सांगायचे, गुणाकाराच्या ओळीवर थांब. मग विचारायचे, दर किती? 120 ऐवजी 60 दिसला, की दुप्पट करणे राहिले हे उघड झाले.

डिबगर वेगळा चालवला, तर दुरुस्तीसाठी तीच ओळ एडिटरमध्ये, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या साधनात, पुन्हा हुडकावी लागते. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1985 मध्ये ग्नू ईमॅक्स हा एडिटर आणि 1986 मध्ये जीडीबी हा डिबगर लोकांना दिला. ईमॅक्सच्या आतच जीडीबी चालवला, की थांबलेल्या ओळीपाशी बाण दिसतो. तिथेच दुरुस्ती करावी आणि पुन्हा चालवून पाहावे.

या दोहोंचे मूळ लेखन कोणालाही वाचता येते. पगाराच्या आज्ञावलीचे मात्र कुलपात असेल, तर बाण दाखवणार काय? म्हणून यवतमाळच्या तरुणांनी ही विद्या शिकावी, आणि संघटनेने मागणीपत्रात एक कलम घालावे : हिशेबाची रीत उघडी हवी.